पितळेचं बूच

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. म्हणून त्या मार्चमधल्या दुपारी माझ्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा आई परसात बांगडे साफ करत होती ती जागची हललीसुद्धा नाही. "काय फुटला गो?" एवढंच तिने बसल्या जागेवरून विचारलं.

काही फुटलं नव्हतं. कॉम्प्युटर बंद पडला होता.

माझं काम थोडक्यात सांगायचं तर न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या दाखवायच्या. पुण्यातलं एक ऑफिस मला नकाशे पाठवतं आणि मी त्यांची फिल्म करते. दारातून आत शिरा, जिना चढा, गच्चीवर ऊन उतरताना बघा, असं. फिल्मचं एकेक चित्र मशीनला तयार करावं लागतं, एकाला दोन-दोन मिनिटं लागतात आणि चित्रं असतात हजारो. त्यामुळे मशीन दिवसचे दिवस न थांबता चालतं, आणि चालतं तसं तापतं. मुंबईत नोकरीला होते तेव्हा एसीत हे कधी जाणवलं नाही. तोंडवलीला घर समुद्रापासून चार माड सोडून. इथे खिडकीच्या गजांपासून टाचणीपर्यंत सगळ्याला खारं वारं खातं, मग कॉम्प्युटर कुठला सुटायला?

मुंबई सोडून घरी आले तेव्हा मशीनमध्ये ऑल-इन-वन कूलर होता. प्रोसेसरवर बसणारा छोटा पंप, त्याला दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला पंखे लावलेली जाळी, आणि सगळं कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेलं. लावायचं आणि विसरायचं. मी विसरलेही. चौदा महिन्यांत त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ चढलं, आणि त्या दुपारी पंप बसला. नवीन कूलर येईपर्यंत फिल्म चार दिवस उशिरा गेली.

पुण्याचे सर सभ्य माणूस. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, "एकदा चालतं. पुन्हा नको. दिवाळीआधी एक मोठी फिल्म आहे, ती वेळेवर दिलीत तर वर्षभराचा करार करू. नाही तर आम्हाला पुण्यातलंच कोणीतरी बघावं लागेल."

म्हणजे सगळं त्या एका फिल्मवर आलं. वर्षाचं काम मिळालं तर मी तोंडवलीला राहू शकत होते. नाही मिळालं तर परत मुंबई. तिथे माझी जुनी मैत्रीण आता आख्खी टीम सांभाळते. ती दर महिन्याला फोन करायची, "खुर्ची रिकामी आहे ग, किती दिवस धरून ठेवू?" आणि मला जायचं नव्हतं. का जायचं नव्हतं ते कोणी विचारू नये, मला धड सांगता येणार नाही. सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना माणसांचे आवाज येतात, आई उकड्या तांदळाची पेज पुढे आणून ठेवते, बाबा खोकतात. एवढंच होतं, आणि ते सोडवत नव्हतं.

आता बाबांबद्दल. बाबा होड्यांच्या इंजिनांचे मिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी दर्यात नुसत्या आवाजावरून इंजिनं ओळखली. आता गुडघे गेलेत, होडीवर चढता येत नाही. घराशेजारच्या मांगरात, म्हणजे खोपटात, त्यांची हत्यारं असतात, आणि कोणी पंप, पाना, पंखा घेऊन आला की दुरुस्त करून देतात. माझ्या कॉम्प्युटरकडे ते तोवर लांबून बघायचे, पाहुण्यांच्या पोराकडे बघावं तसे. पण पंप बसला आणि त्यात पाणी होतं हे कळल्यावर ते खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पाण्यार चलता ह्या? मगे माका कित्या नाय सांगलंस?"

पाण्यावर चालणारी कुठलीही गोष्ट आपल्या खात्यातली, असा त्यांचा हिशोब.

एप्रिलमध्ये बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं कुडाळला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने माझ्यापुढे दोन मार्ग ठेवले. एक, नवा ऑल-इन-वन. दुसरा, सुटे भाग जोडून आपली स्वतःची पाण्याची साखळी करायची: पंप वेगळा, टाकी वेगळी, तांब्याची जाळी, प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, आणि सगळं नळ्यांनी जोडलेलं.

"ताई, तुम्ही ऑल-इन-वनच घ्या," तो म्हणाला. "सुट्या भागांची हौस करतात ती पोरं कॉम्प्युटर सजवायला करतात. एक जोड ढिला राहिला तर पाणी थेट ग्राफिक्स कार्डावर. तुमचं रोजीरोटीचं मशीन आहे."

मला शंभर टक्के पटलं. मी पाकीट काढलं. बाबांनी तोवर ऑल-इन-वनचा खोका हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला होता.

"ह्याचं पाणी कुठून बदलायचं?" त्यांनी दुकानात बोलायच्या मराठीत विचारलं.

"काका, बदलायचंच नसतं."

"पाणी आहे आणि बदलायचं नाही?"

"सीलबंद असतं. पाच वर्षं चालतं."

"मग?"

"मग नवीन घ्यायचा."

बाबांनी खोका काउंटरवर ठेवला, मेलेला मासा ठेवावा तसा. माझ्याकडे वळून आपल्या बोलीत म्हणाले, "उघडूक येना नाय ता इंजिन घेवन दर्यात जावचा नसता. बंद पडला मगे काय करतलंस? खोक्याक हात जोडतलंस?"

"बाबा, हे दर्यात जात नाहीये. टेबलावर बसतंय."

"माका सगळा सारख्याच."

माझा पारा चढला. दुकानात, लोकांसमोर मी त्यांना म्हटलं की चाळीस वर्षं होड्या केल्या म्हणून सगळ्या जगाचं कळत नाही. दुकानदार बिचारा नळ्यांचा गठ्ठा आवरायला लागला. बाबा बाहेर जाऊन उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभे राहिले, आणि काचेतून मला त्यांची पाठ दिसत राहिली.

खरं तर मला दोन्हीची भीती होती. ऑल-इन-वन घेतला तर तोच खारा वारा, तीच अ‍ॅल्युमिनियमची जाळी, आणि पुढच्या वर्षी आत काय चाललंय ते न कळता पुन्हा एक दिवस बंद. सुटे भाग जोडले तर पाणी सांडायची भीती. अर्धा तास मी त्या काउंटरवर दोन्ही खोके समोर ठेवून उभी होते. शेवटी मी तांब्याची जाळी उचलली. कारण विचाराल तर तांबं मिठाला बरं तोंड देतं, आणि बिघडलं तर उघडून बघता येतं. बाबांचंच म्हणणं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. गाडीत नुसतं म्हटलं, "घेतलंय तुमचं. गळलं ना, तर बघा."

"गळूचा नाय," बाबा म्हणाले.

टाकी मात्र दुकानातली घेऊ दिली नाही. प्लास्टिकची होती, तिला ते हातही लावायला तयार नव्हते. मांगरात जुन्या इंजिनाच्या जाड तांब्याच्या नळीचा तुकडा होता. दोन्ही टोकं बंद करून, डाग देऊन त्यांनी त्याचीच टाकी केली. वर आट्यांचं पितळेचं बूच. त्या बुचावर ते तीन दिवस कानस फिरवत अंगणात बसले होते. आई म्हणाली, "लग्नातली समई सुद्धा एवढी घासूची नाय कोण."

त्याच तीन दिवसांतल्या एका संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. मी पडवीत होते. खुर्चीचं काय ते तिने पुन्हा विचारलं. मला कंटाळा आला होता त्या प्रश्नाचा, मी हसून म्हटलं, "हे मशीन टिकलं तर राहीन बाई इथे. नाही टिकलं तर येते. बॅग काय, भरलेलीच आहे." बोलायला काय जातं! बॅग भरलेली वगैरे काही नव्हती. खाली अंगणात कानशीचा आवाज चालू होता.

साखळी जोडली त्या दिवशीची धाकधूक अजून आठवते. औषध घातलेलं शुद्ध पाणी मी भरलं, बूच बाबांनी आवळलं. कॉम्प्युटरची वीज तोडून नुसता पंप चालू करायचा, आणि दिवसभर बघत बसायचं. प्रत्येक सांध्याखाली बाबांनी वर्तमानपत्राची पट्टी ठेवली होती. थेंब पडला तर कागद सांगेल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाबा त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत होते आणि बोट शर्टाला पुसत होते. सगळे कागद कोरडे निघाले. वीज जोडून पूर्ण ताकदीने काम दिलं तर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा साठाच्या वर जाईना. ऑल-इन-वनवर तोच ऐंशीला असायचा. मी आनंदाने किंचाळले. आई परसातून म्हणाली, "आता काय फुटला?"

पावसाळाभर मशीन असं चाललं की त्याच्याकडे बघायची गरज पडली नाही. बाबा रोज सकाळी चहा घेऊन यायचे, टाकीवर हात ठेवायचे आणि जायचे.

सप्टेंबरात मोठी फिल्म आली आणि मी मान खाली घालून कामाला लागले. आकडा सत्तरला गेला होता, पण गणपतीनंतर उकाडा वाढतोच, म्हणून मी दुर्लक्ष केलं. ऑक्टोबरात पंचाहत्तर, मग ब्याऐंशी. पंखे पुसले. जाळीवरची धूळ काढली. दोन अंश उतरलं, आठवड्यात पुन्हा चढलं. तेव्हाच उघडून बघायला हवं होतं. पण काम चालू असताना थांबवायचं म्हणजे एक दिवस घालवायचा, आणि दिवस मोजके होते. मी आकड्याच्या खिडकीवर दुसरी खिडकी ओढून ठेवली. दिसलाच नाही तर त्रास नाही!

शनिवारी संध्याकाळी सहाला फिल्म द्यायची होती. मैत्रिणीनेही त्याच शनिवारी उत्तर मागितलं होतं, कारण सोमवारपासून ती दुसऱ्या कोणाला तरी घेणार होती. सकाळी अकराला फक्त एकशेवीस चित्रं राहिली होती. म्हणजे चार तास. मी निवांत होते. आईला म्हटलं, आज सुंगटांची आमटी कर, तीनला सुटते मी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पडदा काळा झाला.

वीज गेली म्हणावं तर पंखा फिरत होता. पुन्हा चालू केलं. दोन चित्रं झाली, आकडा सरळ शंभराला भिडला आणि पुन्हा काळोख. तिसऱ्यांदा एकही चित्र झालं नाही. टेबलावरचा छोटा पंखा आणून बाजूला लावला, ओला टॉवेल जाळीवर धरला, असले वेडे उपाय करण्यात बारा वाजले. पंप चालू होता, जाळी मात्र गार. पाणी उष्णता घेऊन येतच नव्हतं.

"बाबा!" मी हाक मारली. ती हाक वाडीतल्या निम्म्या लोकांनी ऐकली असेल.

ते आले. आम्ही साखळी रिकामी करायला घेतली. नळीतून बादलीत जे पाणी आलं ते पेजेच्या निवळीसारखं पांढरट होतं. मी बघतच राहिले. मग टाकीचं बूच फिरवलं आणि वर ओढलं.

बुचाला खालून काहीतरी लटकलं होतं. करंगळीएवढा, खड्डे खड्डे पडलेला, पांढऱ्या पिठाने माखलेला एक तुकडा.

मला एका क्षणात कळलं. लहानपणापासून बघत आले होते ना मी. होडीच्या इंजिनात खारं पाणी फिरतं, ते लोखंड-तांब्याला खातं, म्हणून बुचाला जस्ताची कांडी लावून पाण्यात सोडतात. पाणी आधी जस्ताला खातं आणि इंजिन वाचतं. कांडी झिजली की नवी लावायची. आमच्या किनाऱ्यावरचा प्रत्येक मिस्त्री हे झोपेतसुद्धा करेल. पण माझ्या साखळीत खारं पाणी नव्हतं. गंज न धरणारं औषध घातलेलं शुद्ध पाणी होतं. त्यात जस्ताची गरजच नव्हती. औषध आणि जस्त एकमेकांना भिडली होती, आणि सहा महिने विरघळून झालेला तो पांढरा गाळ पाण्याबरोबर फिरत फिरत प्रोसेसरवरच्या ठोकळ्यात जाऊन बसला होता. त्या ठोकळ्यात केसाएवढ्या बारीक चिरा असतात. त्या बुजल्या, पाणी अडलं.

"हे काय आहे?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"जस्त," बाबा म्हणाले.

"कोणी सांगितलं होतं?"

त्यांनी नखाने तुकड्यावरचं पीठ खरवडून पाहिलं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला, बाबा? मला न विचारता? ही काय होडी आहे? मी काय मासे मारायला जाते ह्यात बसून?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तोंड थांबत नव्हतं. "सहा वाजता द्यायचंय मला! तुमच्यामुळे माझं काम जाणार. तुमच्यामुळे मला मुंबईला जावं लागणार, कळतंय? तुमच्यामुळे!"

आई दारात येऊन उभी राहिली होती. "वायच तोंड सांभाळ," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. कित्येक वर्षांत त्यांच्या हातून काम बिघडलेलं मी पाहिलं नव्हतं. ते त्या तुकड्याकडे बघत होते. मग फार हळू स्वतःलाच शिवी घातली, "आवशीक खाव..." आणि खाली बसले. गुडघ्यावर हात टेकत, कळ काढत बसले. "उघड," म्हणाले. "ठोकळो काढ. ह्या उघडूक येता."

ते खरं होतं. त्या दुपारी दुसरं काहीच चांगलं नव्हतं, पण ते उघडत होतं. कुडाळचा तो सीलबंद खोका असता आणि काहीही बिघडलं असतं, तरी मी त्याला हात जोडून बसले असते.

पुढचा दीड तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोललो ते फक्त "पाना", "धर", "दिवो हय कर". मी चार स्क्रू काढले, बाबांनी ठोकळ्याचं झाकण उचललं. आत चुना भरल्यासारखं दिसत होतं. आईने न सांगता लोणच्यासाठी आणलेली व्हिनेगरची बाटली आणून ठेवली. बाबांनी ठोकळा वाटीत बुडवला, जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक चीर घासायला घेतली. मांगरात बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे दोन कॅन होते. त्याने जाळी चारदा धुतली, नळ्या धुतल्या, टाकी धुतली. शेवटी बाबांनी पकडीत धरून तो जस्ताचा तुकडा बुचातून फिरवून काढला आणि खिडकीबाहेर टाकला. जमिनीवर पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

दीड वाजला. जोडून झालं होतं. आता नियमाप्रमाणे दिवसभर नुसता पंप चालवून थेंब बघायचा. दिवस कुठून आणायचा?

"वीस मिनिटां," बाबा म्हणाले.

वीस मिनिटं ते फरशीवर आडवे पडले, गुडघे दुमडता येत नाहीत म्हणून, आणि टॉर्च घेऊन एकेका सांध्याकडे बघत राहिले. वर्तमानपत्राच्या पट्ट्या पुन्हा लावल्या होत्या. मी घड्याळ बघत होते. एक थेंब चुकला तर कार्ड जाणार, आणि मग आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. मनात येईल त्या देवाला माझं सांगून झालं.

"लाव," बाबा आडव्या आडव्याच म्हणाले.

मी वीज जोडली. पहिलं चित्र झालं. आकडा बासष्ट. दुसरं झालं. त्रेसष्ट. तिथे थांबला. मी रडले, सरळ रडले, आणि कोणाकडे न बघता पुढची चित्रं लावली.

सुंगटांची आमटी झाली होती ती कोणी जेवलं नाही. चार तास मी त्या आकड्यासमोर बसून होते आणि बाबा खाली पट्ट्यांजवळ. सहाला पाच कमी असताना शेवटचं चित्र आलं. फिल्म जोडून, पाठवून पूर्ण व्हायला सहा वाजून बारा मिनिटं झाली. पुण्याला मेल केला: बारा मिनिटं उशीर झाला, माफ करा. सरांचं उत्तर आलं: मिळाली, सोमवारी कळवतो.

सोमवारी त्यांनी करार पाठवला, हे इथे सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या संध्याकाळी मला ते ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी माझ्याकडे बारा मिनिटांचा उशीर होता आणि मार्चमधलं त्यांचं "पुन्हा नको".

बाबा केव्हा उठून गेले ते कळलं नाही. बाहेर आले तर ते अंगणात खिडकीखाली वाकून काहीतरी शोधत होते. तो जस्ताचा तुकडा. सापडला तसा लुंगीला पुसून शर्टाच्या खिशात टाकला.

"कशाला उचलताय आता?" मी म्हटलं.

"ऱ्हवांदे. पायाक लागात."

मी पायरीवर बसले. माफी मागायची माझी रीत वाईट आहे, माफी मागतानाही भांडल्यासारखी मागते. "मला विचारलं का नाही बाबा? एक शब्द विचारला असतात तर मी सांगितलं असतं, नको म्हणून."

बाबांनी खिशावरून हात फिरवला. आई दारात वात लावत होती, ती थांबली.

"तू फोनार म्हणालंस ना," बाबा म्हणाले, "मशीन टिकला तर ऱ्हवतलंय म्हणान. माका त्या मशिनीतला काय कळता? टिकवचा कसा, तेवढाच माका कळता. म्हणान घातलंय."

मला एप्रिलमधली ती संध्याकाळ आठवली. पडवीत मी, आणि खाली अंगणात कानशीचा आवाज. मी हसत बोलले होते. त्यांनी ते खरं धरलं, आणि तीन दिवस बूच घासलं.

त्यांच्या हाताला व्हिनेगरचा वास येत होता, आणि दुपारी मी त्या माणसाला तीनदा "तुमच्यामुळे" म्हटलं होतं. लाज वाटली, एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. मैत्रीण. "आज शनिवार आहे बरं का," ती म्हणाली. "हो की नाही ते सांग, मला पुढे कळवायचंय."

पुण्याचं कळेपर्यंत थांब, असं सांगता आलं असतं. सोमवारी सकाळपर्यंत ती थांबलीही असती. मी उठून पडवीत गेले, जिथे एप्रिलमध्ये उभी होते तिथेच. बाबा खाली अंगणात पाठ करून उभे होते, मुद्दाम माडाकडे बघत.

"मी येत नाही," मी फोनवर म्हटलं. मग आवाज चढवून, आख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं म्हटलं, "मशीन टिको नाहीतर न टिको. कळलं? मशीन उद्या जळून गेलं तरी मी इथून हलत नाही!"

"अग, ओरडतेस काय?" मैत्रीण म्हणाली.

बाबा वळले नाहीत. त्यांनी हात पाठीमागे घेतले, एका हाताने दुसरा धरला, आणि तसेच माडाकडे बघत म्हणाले, "वायच हळू बोल गो. बापूस तुझो अजून भैरो नाय झालो."